येसरातली द्वारका

हौसाबाई लोंढे हिच्यावर अन्याय झाला. कधी आणि कुठे तेही सांगते, म्हणजे मागाहून कुणी 'काहीतरी गैरसमज झाला असेल' म्हणायला नको. गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता, पुण्यातल्या एका सभागृहात. आत व्यासपीठावर खुर्च्या, हार, समई. आणि मागच्या व्हरांड्यात, झाकण घातलेल्या पातेल्याशेजारी, भिंतीला टेकून बसलेली हौसाबाई. आत एका पुस्तकाचं प्रकाशन चाललं होतं. त्यातल्या गोष्टी तिच्या तोंडच्या होत्या, त्यातले पदार्थ तिच्या चुलीवरचे होते. बाहेर ती त्याच सभेच्या पाहुण्यांसाठी पिंपरीहून आणलेली आमटी निवू नये म्हणून शेगडी फुंकत होती. सभेत तिचं नाव कुणी घेतलं नाही. पुस्तकातही ते नाही. आता तिला जाऊन सहा आठवडे झाले, आणि मृत्युलेखांत सगळं गोड गोड लिहायची जी पद्धत आहे ती मला यावेळी पाळता येणार नाही.

ती गेल्याचं मला हसनभाईंनी सांगितलं. हसनभाई मूळचे चाकणचे, पिंपरीच्या बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान. हौसाबाईच्या खानावळीला धान्य तिथूनच जायचं. मी चिंचवडला छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. ते सायकल भिंतीला लावून दारातच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. टोपी काढून हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि म्हणाले, "ताई, आज सकाळचे डबे गेले नाहीत." एवढंच. खानावळ सुरू झाल्यापासून एक दिवस असा गेला नव्हता की कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला आणि हौसाबाईचे डबे गेटावर पोचले नाहीत. नवऱ्याच्या वर्षश्राद्धालासुद्धा पोचले होते. त्यामुळे हसनभाईंना पुढचं वाक्य बोलावं लागलं नाही. दमा होता तिला, पावसाळ्यात वाढायचा. पहाटे चूल पेटवायला उठली आणि चुलीपाशीच...

ती बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडची. पिंपरीच्या माळावर कारखान्याची पायाखोदाई निघाली तेव्हा नवऱ्याबरोबर आली. नवरा वर्षभरात तापानं गेला. गावाकडे परत जाऊन कुणाच्या दारात बसायचं, त्यापेक्षा इथे चार माणसांना भाकरी घालीन म्हणाली, आणि रेल्वेलाइनच्या पलीकडे, निर्वासितांच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची खोली घेतली. चाराची चाळीस माणसं झाली. सगळी परजिल्ह्यातली. तिला कुणाची नावं लक्षात ठेवायची गरज वाटायची नाही. ए सोलापूर, ताट सरकव. ए सातारा, लेका तिसऱ्यांदा मीठ मागतोस, तुझ्या गावाला समुद्र हाय का. ते सगळे तिला मावशी म्हणायचे आणि तिच्या शिव्या खायला रांग लावायचे. माझे वडील त्याच कारखान्यात टाइमकीपर. आई आजारी पडली तेव्हा आमचा डबा तिच्याकडून यायला लागला, आणि डबा आणायला मी जायला लागले. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. हौसाबाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, सुमे, तुला भाषण येतं, डाळ भाजाया येत न्हाई, तुझा नवरा उपाशी मरंल पर ऐकून ऐकून शाना होईल.

आता येसर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. तिच्याकडे लग्नाच्या जेवणात येसराची आमटी लागते. बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, हे एकेक वेगळं भाजायचं, मसाल्याबरोबर जात्यावर दळायचं, आणि ते पीठ फोडणीच्या पाण्याला लावायचं. इतकं पुष्कळांना माहीत आहे. पण तिच्या माहेरची रीत निराळी होती. तिथे येसर भाजायला बायका बसल्या की प्रत्येक धान्याबरोबर घरातल्या एका गेलेल्या माणसाची गोष्ट सांगायची. ठरलेलं धान्य, ठरलेलं माणूस. गोष्ट सुरू झाली की दाणे कढईत, गोष्ट संपली की कढई खाली. मध्ये थांबायचं नाही, लांबवायची नाही, घाईनं उरकायची नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, कारण शब्द हलला की भाजणी हलली. त्यांच्याकडे घड्याळ कुठलं असणार. गेलेली माणसं हेच त्यांचं घड्याळ होतं. आणि लग्नाच्या पंगतीत जी माणसं येऊ शकत नव्हती, ती अशी येऊन ताटात बसायची.

बाजरी तिच्या सासऱ्याची. डाळ तिच्या बहिणीची. बहिणीचं नाव द्वारका.

द्वारकेची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आजही कुठे हरभऱ्याची डाळ भाजल्याचा वास आला तर माझे ओठ आपोआप हलतात. दुष्काळाचं साल होतं. द्वारका अकराची, हौसा आठाची. दोघी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. सकाळी आई दोघींच्या फडक्यात मूठमूठ भाजलेली डाळ बांधायची. वाटेनं द्वारका सारखं तोंड हलवत चालायची, हौसेला वाटायचं ही खाते आहे, मग तीही आपली खायची. संध्याकाळी परतताना द्वारका आपलं फडकं सोडून तिच्या पुढे धरायची, घे, माझं पोट भरलंय. हौसा खायची. आठ वर्षांचं पोर, ते काय विचारणार. त्याच महिन्यात द्वारका तापानं गेली. आईनं तिचं फडकं सोडलं तेव्हा त्यात सात दाणे निघाले, एकालाही दात लागलेला नव्हता. इथे गोष्ट संपते. "सात दाणे निघाले" म्हटलं की हौसाबाई कढई उतरवायची, आणि डाळ नेमकी तांबूस, नेमकी खरपूस झालेली असायची. दर वेळी. आवाज कापायचा नाही, डोळ्याला पदर लागायचा नाही. रडले तर डाळ करपंल, म्हणायची.

खानावळीत तिनं ही रीत चालू ठेवली आणि मोठी केली. दर पंधरवड्याला रविवारी दुपारी येसर भाजायचा कार्यक्रम असायचा आणि सुटी असलेले गडी ओट्यावर बसून ऐकायचे. हसनभाई धान्य घेऊन यायचे ते पायरीवर टेकायचे आणि दुकान विसरायचे. शांताराम म्हणून एक रत्नागिरीचा फिटर होता. त्याची आई वारली तेव्हा याला तार उशिरा मिळाली, जाऊन तोंड बघता आलं नाही. आठ दिवस जेवला नाही तो. हौसाबाईनं त्याला चुलीपुढे बसवलं, आईबद्दल सांग म्हणाली, सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं कढईपुरतं ठेवलं. मुलगा मुंबईच्या बोटीनं येईल म्हणून ही बाई दर शनिवारी खाडीच्या धक्क्यावर पेजेची किटली घेऊन बसायची, नाव रिकामी आली की पेज नावाड्याला पाजायची, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा. मग हौसाबाई म्हणाली, "तांदूळ म्हंजी कोकण. आजपासून तांदूळ तुझ्या मायचा." शांताराम त्या दिवशी पाच भाकऱ्या जेवला, आणि सोलापूर-सातारा मंडळींनी त्याला महिनाभर त्यावरून छळलं.

आणि मग मी माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापकमहाशयांना तिथे घेऊन गेले.

हो, मीच. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, ते पुरेसं छापून झालं आहे. ते लोकवाङ्मय गोळा करत होते आणि बायकांच्या चुलीपर्यंत पोचायला त्यांना एखादी मुलगी हवी होती. मला अभिमान वाटला. आपल्या पिंपरीच्या हौसाबाईचं पुस्तक होणार. तिला सांगितलं तर ती आधी हसली. माझं काय मेलं छापायचं, म्हणाली. मग कढई पुसता पुसता थांबली आणि तिनं विचारलं, "द्वारकेचं नाव येईल व्हय पुस्तकात?" मी म्हटलं, येईल की. "मग घे लिहून." तिची एवढीच अट होती. खण नको, लुगडं नको, फोटो नको. बहिणीचं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं. आष्टीकडच्या त्या खडीच्या रस्त्यावर मैलाचे दगड आहेत, त्यांच्यावरसुद्धा काहीतरी लिहिलेलं आहे. द्वारकेचं मात्र कुठेच काही नाही, असं ती एकदा म्हणाली होती.

मी वह्याच्या वह्या भरल्या. प्राध्यापकमहाशय एकदाच आले, चटईवर रुमाल पसरून बसले, आमटीला वा वा म्हणाले आणि धुरानं डोळे चोळत गेले. पुढचं सगळं त्यांच्या घरी, टेबलावर. त्यांनी मला दोन कप्पे करायला सांगितले. कृती एका भागात, कथा दुसऱ्या भागात. म्हणजे कढईतून दाणे एकीकडे काढले आणि आच दुसरीकडे. कृतीत लिहिलं, 'मंद आचेवर थोडा वेळ भाजावे.' थोडा वेळ... द्वारकेचं अख्खं आयुष्य होतं ते, त्याचा त्यांनी थोडा वेळ केला. मग म्हणाले, नावं गाळा. लोककथेला नाव नसतं, ती कुणा एकाची नसते. मी म्हटलं, पण सर, ही खरी माणसं आहेत. ते हसले. प्रत्येक सांगणारीला असंच वाटतं, म्हणाले. आणि मी, जी आज गल्लोगल्ली पत्रकं वाटत फिरते आणि अन्यायाविरुद्ध बोलताना जिचा घसा सुजतो, त्या मी लाल पेन्सिल घेतली आणि माझ्या हातानं द्वारका खोडली. एकदा नव्हे. गोष्टीत जितक्यांदा आली होती तितक्यांदा. सासऱ्याची, बाजरीची गोष्ट त्यांना कंटाळवाणी वाटली, ती तर पूर्ण उतरवून घेऊच नका म्हणाले. मी अर्ध्यात वही मिटली.

मला हे सगळं प्रकाशनाच्या आधी तीन महिने माहीत होतं. मी हौसाबाईला सांगितलं नाही. सभेला ती नवं लुगडं नेसली, सगळ्या खानावळीला सांगून आली, आमची द्वारका पुण्यात छापली. पाहुण्यांनी वाट्या चाटून पुसून खाल्ल्या. एक बाई विचारत होत्या, कुणी केली हो, काय चव आहे. प्राध्यापकमहाशय म्हणाले, आपल्या पुस्तकातलीच कृती आहे, पान बावीस. हौसाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला ते ऐकू गेलं, आणि तिला ते कौतुकच वाटलं.

पुस्तक तिच्या हातात आलं तेव्हा तिनं ते देवळीत ठेवून हळदकुंकू वाहिलं. वाचता येत नव्हतं तिला. पुढच्या रविवारी येसर भाजायच्या आधी तिनं शांतारामला वाचायला बसवलं. सगळे जमले होते, हसनभाई होते, आणि मला बळेच बोलावून पुढे बसवलं होतं, लेखिका म्हणून. द्वारकेचं पान काढ, म्हणाली. शांतारामानं अनुक्रमणिका पाहिली, दोनदा पाहिली. द्वारका नव्हती. पानं उलटता उलटता तो एका जागी थांबला आणि मोठ्यानं वाचू लागला. एक होती म्हातारी. ती दर पौर्णिमेला समुद्रदेवाला पेज वाहत असे... आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला. "ही माझी आये आहे," तो म्हणाला. त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तो म्हणाला, "समुद्राला कशाला वाहील? मला आणायची ती."

मग द्वारका सापडली. 'सात बहिणी' असं तिचं नाव झालं होतं. प्राध्यापकमहाशयांनी सात दाण्यांच्या सात बहिणी केल्या होत्या. राजाच्या राज्यात दुष्काळ पडतो, थोरल्या सहाजणी धाकटीला आपली डाळ देतात, आणि शेवटी देव प्रसन्न होऊन त्या डाळीचे मोती करतो. शांतारामानं शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटलं. हौसाबाईनं त्याला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मोती झाले. मला वाटलं ती आता शिव्या देईल, तिच्या शिव्यांची मला सवय होती, मी त्यांची वाटही बघत होते. ती शांतपणे म्हणाली, "मोती झालं असतं तर पोरगी मेली कामून असती?" आणि मग माझ्याकडे वळून, "सुमे, तू ऐकत हुतीस का नुसती लिवत हुतीस?"

मी पुण्याच्या गाडीची वेळ विचारायला उठले.

आम्ही दोघी पुण्याला गेलो. प्राध्यापकमहाशयांनी पाट मांडायला सांगितला, चहा दिला, बायकोकडून खणनारळ आणवला. लोकवाङ्मय, समष्टी, परंपरा असं पुष्कळ बोलले. हौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं, नारळ परत त्यांच्या तबकात ठेवला आणि म्हणाली, "पुस्तक तुमचं ऱ्हाऊ द्या, सायब. माझी भैन तेवढी माघारी द्या." दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी बघू, असं उत्तर मिळालं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. खडकी गेल्यावर म्हणाली, येवढा शिकलेला माणूस, आन त्याला मेलेल्याचं नाव घ्यायची भीती.

त्यानंतर ती येसर गप्प राहून भाजायची. गोष्ट सांगायची नाही. सांगितली तर कुणीतरी लिहून घील, असं एकदा हसनभाईंना म्हणाली. दाणे कधी कच्चे राहायचे, कधी करपायचे. हाता-डोळ्याच्या अंदाजावर तिचं कधी चाललंच नव्हतं, तिला गोष्टीशिवाय भाजता यायचं नाही. आमटीला चव राहिली नाही. चाळीस गडी, ज्यांनी तिच्या हाताखाली मिठावरून भांडणं केली, ते मुकाट जेवून हात धुवायचे. एकानंही नाव ठेवलं नाही. त्यांचं ते न बोलणंच तिला फार लागलं असावं.

तिच्या तेराव्याला खानावळीतल्या गड्यांनी ठरवलं, आमटी येसराचीच करायची. बायको-आई कुणाची जवळ नाही, करणारं कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिहून घेतलेलं माझ्याकडे होतं ना. मी पुस्तक उघडलं, पान बावीस. मंद आचेवर थोडा वेळ. पहिली कढई करपली. दुसरी कच्ची राहिली. हसनभाई पायरीवर बसले होते, नेहमीच्याच. ते म्हणाले, "ताई, ते बंद करा. द्वारकाबाईंचं सांगा." मी सांगायला लागले. अडले तिथे शांतारामानं पुढे नेलं, त्याच्या पुढे हसनभाईंनी. दुष्काळ, खडी, फडकं, सात दाणे. कढई उतरवली. डाळ तांबूस झाली होती. तांदूळ शांतारामानं एकट्यानं केले, धक्का, किटली, नावाडी, आणि तेही जमले.

बाजरी राहिली. तिच्या सासऱ्याची गोष्ट कुणालाच शेवटपर्यंत येत नव्हती. हसनभाईंना सुरुवात आठवत होती, बैलांचं काहीतरी होतं. माझ्या वहीत ती अर्धी होती आणि ती वही मी रद्दीत घातली होती. बाजरी परातीत तशीच ठेवून आम्ही आमटी केली. जेवली माणसं. पण एक म्हातारा त्या पंगतीला आला नाही, आणि आता कधीच येणार नाही, आणि त्याला कुणी मारलं हे मला नेमकं माहीत आहे. एक कंटाळलेला विद्वान आणि एक आज्ञाधारक मुलगी.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती दिवाळीनंतर छपाईला जाते आहे. मी पत्रं लिहिली, भेटले. 'मजकुरात बदल संभवत नाही' असं उत्तर आलं. ते पुस्तक कोणतं हे ज्यांच्या घरी आहे त्यांना एव्हाना कळलं आहे, आणि ही पुरवणी वाचणाऱ्यांत अशी घरं पुष्कळ आहेत. तुम्ही ते दिवाळीला भेट म्हणून दिलं आहे, बक्षीस म्हणून घेतलं आहे, पान बावीसवरची आमटी करून बघितली आहे आणि ती बिघडली तेव्हा स्वतःच्या हाताला दोष दिला आहे. तुमच्याशीच बोलते आहे. हळहळू नका, हौसाबाईला हळहळ कधी आवडली नाही. उठा, कपाटातून पुस्तक काढा आणि 'सात बहिणी' उघडा. मथळ्यावर काट मारा आणि तिथे शाईनं लिहा: द्वारका, हौसाबाई लोंढे हिची बहीण, आष्टीकडची, वय अकरा. मग एक पोस्टकार्ड घ्या आणि प्रकाशकाला कळवा की ही नावं नसतील तर दुसरी आवृत्ती तुमच्या घरात येणार नाही. आणि टाक खाली ठेवायच्या आधी गोष्टीच्या शेवटच्या ओळीवर या. तिथे जे छापलं आहे ते खोडा, आणि तुमच्या मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा, मोती झाले नाहीत.